टायरची तारीख विचारली की तोंड वाकडं का होतं?

एसयूव्हीचे टायर बदलायला गेलं की प्रत्येक दुकानात तेच! पहिला प्रश्न, 'बजेट किती?' अरे, गाडी पावसात घाट उतरते का, सात माणसं बसतात का, हे विचारा ना आधी! गाडीच्या मापाचा 235/65 आर 17 टायर मागितला की 'साहेब, 255 चा रुंद टाका, रुबाबदार दिसेल.' लोड इंडेक्सचं, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्या आकड्याचं, नाव काढलं की गप्प. आणि साइडवॉलवरचे, म्हणजे टायरच्या बाजूवरचे, ते तारखेचे चार आकडे! 1421 म्हणजे 2021 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला टायर, तो 'नवा माल' म्हणून गळ्यात मारतात. बोट ठेवून दाखवलं तर म्हणे, 'रबर आहे, दूध आहे का नासायला?' रबर कडक होतं हो, ओल्या रस्त्यावर पकड जाते! मागच्या सीटवर माझी पोरं असतात. चार पैसे जास्त घ्या, पण ताजा टायर द्या!