जिद्द आहे हो, बैठक कुठाय?

गेल्या काही दिवसांत एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. कृत्रिम पायाने डोंगर चढणाऱ्या माणसाचा फोटो आणि खाली ओळी: ‘अपंगत्व शरीरात नसतं, मनात असतं. जिद्द असेल तर साधनांवाचून काही अडत नाही. वेदना विसरा, भीती सोडा, कुणाचाही आधार न घेता करून दाखवा.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, मान्य. पण मी व्हीलचेअर वापरतो, कमरेखालचं मला हलवता येत नाही आणि तिथलं काही जाणवतही नाही, आणि अलीकडे कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, वल्हवायला शिकतोय. त्यामुळे यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्याशी माझं भांडण आहे.

‘मनात असतं.’ माझं मज्जारज्जूत आहे, एमआरआयमध्ये दिसतं. पॅरा-कनू हा अपंग खेळाडूंच्या होडीशर्यतींचा खेळ 2016 साली रिओ पॅरालिम्पिकमध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा कयाकचे तीन गट होते. ते पाडले होते धड आणि पाय किती काम देतात यावरून. जिद्द मोजून गट पाडल्याचं ऐकिवात नाही.

‘साधनांवाचून अडत नाही.’ इथेच तर सगळं अडतं. पहिल्या दिवशी मला साध्या कयाकमध्ये बसवलं. पोटाचे खालचे स्नायू काम करत नसल्याने वल्हं ज्या बाजूला घालावं, त्याच बाजूला अख्खं धड कलंडायचं. शेवटी एका हाताने कड घट्ट धरून बसलो, आणि एका हाताने दुहेरी वल्हं चालत नाही. दातओठ खाऊन झाले, जिद्दीत कुठे कसर नव्हती. पुढच्या खेपेला प्रशिक्षकाने उंच पाठीची बैठक लावली, दोन्ही कुशींना फोमचे ठोकळे खोचले आणि कयाकच्या दोन्ही अंगांना आउटरिगर, म्हणजे छोटे तरंगते आधार, बसवले. मन तेच, हात तेच. त्या दिवशी मी सरळ गेलो. बरं, बऱ्यापैकी सरळ.

प्रेरणादायी म्हणून ज्यांचे दाखले देतात, त्यांचंही असंच आहे. मार्क वेलमन यांचे पाय गिर्यारोहणातल्या अपघातात निकामी झाले. 1989 साली ते अमेरिकेतल्या योसेमिटीचा सुमारे 900 मीटर उंचीचा एल कॅपिटन कडा चढले, जवळपास 7000 वेळा हातांवर शरीर वर ओढून. ही संख्या सगळे सांगतात. पण आधी त्यांचे साथीदार माइक कॉर्बेट पुढे चढून दोर लावत होते आणि त्या दोरावर सरकणाऱ्या, खास जुळवलेल्या दांड्याला धरून वेलमन स्वतःला वर खेचत होते, हे मजकुरात येत नाही. हिलरी लिस्टर यांना हातपाय दोन्ही हलवता येत नव्हते. नळ्यांमध्ये फुंकून आणि ओढून शीड व सुकाणू चालवत त्यांनी 2009 मध्ये एकटीने ब्रिटनला प्रदक्षिणा घातली. त्या नळ्या नसत्या तर तीच बाई, तीच जिद्द, धक्क्यावरच राहिली असती.

‘वेदना विसरा’ हे मात्र नुसतं चूक नाही, घातक आहे. मला वेदना विसरायची सोयच नाही, ती कळतच नाही. ओल्या, टणक प्लॅस्टिकवर तासभर एकाच जागी दाब पडला तर कातडीला जखम होते आणि ती भरायला महिने लागू शकतात. म्हणून खाली कुशन, मधूनमधून हातांवर जोर देऊन अंग उचलणं आणि घरी आल्यावर आरशात कातडी तपासणं. ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या आसपास किंवा वर असते, त्यांचं रक्तदाब एकाएकी भडकण्याचं संकट वेगळंच. करकचून आवळलेला पट्टा किंवा तुंबलेलं मूत्राशय एवढंही त्याला पुरतं. अशा वेळी डोकं ठणकायला लागलं तर ते विसरायचं नसतं, ताबडतोब थांबून कारण शोधायचं असतं.

‘भीती सोडा’? माझा पहिलाच प्रश्न होता, उलटलो तर बाहेर कसा पडू? मला बैठकीत धरून ठेवणारा पट्टाच उलटल्यावर मला पाण्याखाली धरून ठेवेल. म्हणून एका झटक्यात सुटणारा वेल्क्रो, अंगावर लाइफ जॅकेट, आणि आधी उथळ पाण्यात मुद्दाम उलटण्याचा सराव. हे सगळं त्या भीतीनेच शिकवलं.

राहिला ‘आधार न घेता’. धडधाकट गिर्यारोहकाचा दोरही खाली कुणीतरी धरलेला असतो, त्याला कुणी परावलंबी म्हणत नाही. मला व्हीलचेअरमधून कयाकमध्ये उतरायला दोन माणसं लागतात. पुढचं वल्हवणं माझं.

परवा पाचव्या मित्राने तोच मजकूर पाठवला. मी लिहिलं, ‘रविवारी एक माणूस कमी पडतोय, सकाळी उचलायला येतोस का?’