आधी पगार तारखेला द्या, ध्यानधारणा मग शिकवा

‘माणसं फक्त पैशासाठी काम करत नाहीत’ हे वाक्य मी आजवर ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकलं, त्या सगळ्यांचा पगार व्यवस्थित आणि वेळेवर होत होता. वाक्य अगदीच खोटं नाही. फक्त इन्क्रीमेंटचा मोसम आला की ते जरा जास्तच ऐकू येतं.

पगार वाढवला की माणूस जास्त राबतो, असा एक ढोबळ हिशेब आपल्या डोक्यात असतो. मला वाटतं, पगाराचा परिणाम आधी हातांवर नाही, डोक्यावर होतो. घरभाडं, फी, औषधं, कर्जाचा हप्ता यांची जुळवाजुळव ज्याच्या मनात सकाळपासून चालू आहे, तो खुर्चीत बसलेला असतो, पण कामावर नसतो. हजेरीपटावर हे दिसत नाही. चुकलेल्या बिलात, दोनदा कराव्या लागलेल्या कामात, ग्राहकावर निघालेल्या चिडचिडीत दिसतं.

ओडिशात अर्थतज्ज्ञांनी पत्रावळी बनवणाऱ्या मजुरांबरोबर एक प्रयोग केला होता. मजुरी नगावर होती. काहींना आधीच्या कामाचे पैसे मध्येच दिले, इतरांना सगळे शेवटी. दर तोच, रक्कम तीच, बदलली फक्त तारीख. पैसे हातात पडल्यावर त्या मजुरांचं काम वाढलं, लक्ष नसल्यामुळे होणाऱ्या चुका घटल्या, आणि जे जास्त गरीब होते त्यांच्यात हा फरक जास्त दिसला. ‘पेमेंट अडकलंय, पुढच्या आठवड्यात बघू’ असं सहज सांगणाऱ्या प्रत्येक मालकाने हे एकदा वाचावं. पगार उशिरा देऊन तो पैसे वाचवत नाही, त्या आठवड्याचं काम घालवतो.

दुसरी गोष्ट तुलनेची. शेजारच्या टेबलावरच्याला आपल्यापेक्षा जास्त मिळतं हे कळलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको. यावरही ओडिशातच अभ्यास झाला. तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच गटातल्या मजुरांना वेगवेगळी मजुरी दिली तेव्हा काम घटलं आणि हजेरी 18 टक्के बिंदूंनी खाली आली. म्हणजे लोक स्वतःची मजुरी बुडवून घरी बसले! पण यातला खरा धडा पुढे आहे. कोण किती काम करतो हे जिथे सगळ्यांना उघड दिसत होतं, तिथे याच असमान मजुरीचा काही वाईट परिणाम आढळला नाही. माणसाला फरक सोसतो, पण ज्या फरकाचं कारण कळत नाही तो सोसत नाही. आणि आपल्याकडे अप्रेझल, म्हणजे वर्षभराच्या कामाचं मूल्यमापन, कसं होतं? बंद दाराआड दहा मिनिटं, एक आकडा, आणि वर ‘कुणाला सांगू नका’. लोक सांगतातच. फक्त अर्धवट सांगतात, आणि त्या अर्धवट माहितीवर वर्षभर धुमसत राहतात.

आता ‘वेलनेस’. योगाचं सत्र, तणावमुक्तीचं वेबिनार, ध्यानाचं अ‍ॅप, रेझिलियन्सचं, म्हणजे ताण सोसायला शिकवणारं, ट्रेनिंग. ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासणारा ऑक्सफर्डचा अभ्यास 2024 मध्ये आला. असल्या उपक्रमांत भाग घेणारे, न घेणाऱ्यांपेक्षा काही अधिक सुखी आढळले नाहीत. अपवाद बहुधा एकच, स्वयंसेवी कामाचा. या सर्वेक्षणात त्याच माणसांची आधी-नंतर अशी तुलना नव्हती, त्यामुळे त्यावरून अंतिम निकाल देता येत नाही. तरी मला नवल वाटलं नाही. रात्री दहाला मेल टाकणाऱ्या बॉसवरचा उपाय दीर्घ श्वास कसा असेल? हे म्हणजे गळक्या छपराखाली बसवून छत्री कशी धरावी ते शिकवणं.

कल्याणाच्या सोयींना माझा विरोध नाही. पाळणाघर, आजारपणातली पगारी रजा, आरोग्य विमा, शिफ्टचं वेळापत्रक आधी कळणं, या सोयी माणसाच्या डोक्यावरचं एखादं खरं ओझं उतरवतात. ओझं उतरतं का, एवढीच कसोटी मी लावेन.

‘हे सगळं परवडायला हवं ना’ हा प्रश्न येणारच. अमेरिकेत हेन्री फोर्डच्या मोटारींच्या कारखान्यात 1913 मध्ये माणसं इतक्या वेगाने सोडून जात होती की कामगारबदलाचं वर्षाचं प्रमाण 370 टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षात सरासरी तीन-चारदा माणूस बदलत होता. जानेवारी 1914 मध्ये फोर्डने दिवसाची मजुरी जवळपास दुप्पट करून पाच डॉलर केली, दिवस आठ तासांचा केला, आणि ही गळती झपाट्याने आटोक्यात आली. यात दानधर्म काही नव्हता. त्या पाच डॉलरचा मोठा हिस्सा नफ्यातला वाटा म्हणून, अटींवर मिळायचा, आणि कामगार नीट राहतो का हे बघायला कंपनीची माणसं त्याच्या घरी जायची! तो भाग उचलण्यासारखा नाही. पण माणूस सोडून जाण्याचाही खर्च असतो, हे फोर्डला वहीत मांडता आलं. आपल्याकडे तो खर्च कुठल्याच रकान्यात लिहिला जात नाही, म्हणून पगारवाढ महाग वाटते.

आणि ज्यांना खरंच परवडत नाही, त्यांनी निदान फुकटातल्या गोष्टी तरी कराव्यात. पगाराची तारीख पाळा. व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीनुसार बदलणारा पगाराचा भाग, कसा ठरतो ते कागदावर द्या. आजारी माणसाला रजा देताना उलटतपासणी घेऊ नका. एचआरमधल्या मित्रांनी कमेंटमध्ये जरूर भांडावं, फक्त आधी एवढं सांगावं: तुमच्याकडे मागच्या वर्षी सोडून गेलेल्यांच्या जागा भरायला नेमका किती खर्च आला?