टाकी किती लिटरची?

नवऱ्याच्या जन्मगावात सध्या आमची ओळख "ती संडासवाली गाडी" अशी आहे. शाळा संपेपर्यंत तो ज्या गल्लीत वाढला, तिथं त्याचं नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही. बेत तसा साधा होता. मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेऊन जायचं, जुन्या घरासमोर थोडं थांबायचं, त्याला गहिवरायचं तेवढं गहिवरू द्यायचं आणि निघायचं.

पण अशा गाडीतून गहिवरायला सात मीटर जागा लागते. पुढचं तोंड सांभाळणं सोपं. घात करते ती शेपूट. मागच्या चाकांच्या पलीकडे जेवढी बॉडी लोंबते, तिच्या साधारण एक तृतीयांश अंतर ती पूर्ण स्टिअरिंग मारल्यावर उलट्या बाजूला फेकली जाते. दोन मीटर शेपूट असेल तर साठ-सत्तर सेंटिमीटर धरा. तुम्ही उजवीकडे वळता आणि डावीकडच्या फाटकाचा खांब जातो. वर बघायचं ते वेगळंच. छतावरच्या एसीसकट उंची सहज तीन मीटरच्या आसपास जाते. झाड वाढलं म्हणून त्याची फांदी वर सरकत नाही. ती जिथं फुटली त्याच उंचीवर जाड होत जाते. त्यामुळे नवरा लहानपणी जिला लोंबकळायचा ती फांदी आजही तिथंच आहे, फक्त आता तिच्यात एसी उचकटायची ताकद आली आहे.

रिव्हर्स घेताना नियम एकच. खुणा एकानेच करायच्या, आणि चालकाच्या आरशात दिसेल अशा जागी उभं राहून. माणूस आरशातून गेला की ब्रेक, मग चर्चा. मी तशीच उभी होते. तेवढ्यात एक काका आले आणि बरोब्बर गाडीच्या मागे, जिथं देव उभा राहिला तरी आरशात दिसणार नाही, अशी जागा निवडून "येऊ द्या, येऊ द्या" करायला लागले. आम्ही थांबलो. त्यांना वाटलं, त्यांच्यासाठीच थांबलो.

"यात झोपता तुम्ही?"

"हो."

"आणि सकाळी?"

"आत सोय आहे, काका."

"आत. बरं. मग ते जातं कुठं?"

"टाकीत."

काका दोन पावलं मागं सरकले. गाडीच्या पोटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या फाटकाकडे, मग दोन्हींमधलं अंतर डोळ्यांनी मोजलं.

"टाकी किती लिटरची?"

"ऐंशी."

"आत्ता किती भरलीय?"

नवरा एव्हाना खाली उतरला होता. "काका, ते कोपऱ्यावरचं घर आमचं. माझा जन्म तिथलाच."

"असेल, असेल. भरलीय किती?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी दारातून मान आत घातली आणि भिंतीवरच्या पॅनलचे दिवे वाचले. "दोन तृतीयांश! म्हणजे," डोळे मिटून हिशेब झाला, "त्रेपन्न लिटर." वरच्या गच्चीतून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं, त्यांनाही तोच आकडा गेला. "गळली तर?"

"गळत नाही. आत व्हॉल्व्ह असतो, बाहेरून टोपण."

"आणि टोपण गळलं तर?"

नवऱ्यानं शेवटचा प्रयत्न केला. "काका, तुम्ही जुनेच ना इथले? मग माझ्या वडिलांना ओळखत असाल."

"ओळखायचो की. सज्जन माणूस. त्यांनी कधी असलं काही लोकांच्या दारात आणून उभं केलं नाही."

खरा संताप मला त्या पॅनलचा आहे. टाकी आदल्या सकाळीच रिकामी केली होती. पण या गाड्यांमध्ये टाकीच्या भिंतीत ठरावीक उंचीवर धातूच्या खुंट्या बसवलेल्या असतात. पाणी पोचलं की वीज वाहते आणि दिवा लागतो. खुंटीवर ओला कागद चिकटला तरी वीज वाहतेच. एवढी महागडी गाडी बनवणाऱ्यांना ही एक गोष्ट धड जमत नाही, आणि आमची अब्रू कागदाच्या एका चिकट तुकड्यापायी गल्लीभर जाते. संडासात पाणी सढळ हातानं सोडणं आणि चटकन विरघळणारा पातळ कागद वापरणं, हाच त्यावर इलाज. "आपण दोघंच तर आहोत" म्हणून पाण्याची काटकसर करणारा पुरुष घरोघरी असतो. आमच्याकडेही आहे.

गल्लीला उतारही होता. गॅसवर चालणारा फ्रिज बिघडायला तेवढा पुरतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो. अमोनियाचं द्रावण तापवायचं, आणि थंडावा देऊन झालेलं द्रावण नळ्यांतून आपल्या वजनानं खाली परतायचं, एवढाच मामला. गाडी एका बाजूला तीनेक अंशांपेक्षा जास्त कलून तासभर उभी राहिली, की द्रावण कुठंतरी तुंबतं, बॉयलर कोरडा तापतो आणि फ्रिज कायमचा आजारी पडू शकतो. चाकाखाली ठोकळे घालून गाडी समतल करायची, चाकांना अटकाव लावायचा आणि मगच कोपऱ्यांचे जॅक टेकवायचे. जॅक गाडी हलू नये म्हणून असतात, उचलायला नव्हेत. आम्ही ठोकळे काढताच काकांनी विचारलं, "म्हणजे मुक्काम करताय?"

आम्ही निघालो. घर त्यानं पाहिलं ते आरशातून.

मग मुक्कामाच्या तळावर टाक्या रिकाम्या करायचा पाइप माझ्या हातात. गावची ओढ त्याची, हातमोजे माझे, अशी वाटणी कधी झाली मला माहीत नाही. मैल्याची टाकी आधी सोडायची, दोन तृतीयांश तरी भरलेली असताना, म्हणजे लोंढ्याच्या जोरानं सगळं वाहून जातं. तिचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवला तर नुसतं पाणी निघून जातं आणि बाकीचं आत ढीग करून बसतं, ते मग काठीनंही हलत नाही. त्यानंतर मोरीच्या पाण्याची टाकी, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप आपोआप धुऊन निघतो. शेवटी मैल्याच्या टाकीत थोडं पाणी आणि औषध घालून ठेवायचं. क्रम चुकला तर पाइप हातानं धुवा.

मी गुडघ्यावर बसून जोड घट्ट करत होते आणि हा शेजारी उभा राहून सांगत होता की शाळेच्या मागं एक ओढा होता, त्यात तो होड्या सोडायचा. मी म्हटलं, "ओढा राहू दे. आधी कुठली टाकी सोडायची, तेवढं सांग."

"मोरीची," तो म्हणाला.