उखडलेली प्रत्येक जागा ‘ग्राउंड अंडर रिपेअर’ नसते

गोल्फच्या नियमांचे ‘सोपे सार’ म्हणून एक संदेश सध्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: फेअरवेवरचा (होलकडे नेणाऱ्या कापलेल्या हिरवळीवरचा) डिव्हॉट, म्हणजे फटक्याने गवत उडून पडलेला खड्डा, टक्कल पडलेली जमीन, उखडलेली माती हे सगळे, खूण असो वा नसो, ग्राउंड अंडर रिपेअर (दुरुस्तीखालची जमीन), तिथे चेंडू गेला तर रिलीफ (चेंडू विनादंड हलवून खेळण्याची सवलत) घ्यायलाच हवा, दोन क्लब-लेंथच्या (क्लब म्हणजे खेळायची काठी, तिच्या दोन लांबींच्या) आत बरी जागा पाहून चेंडू हाताने ठेवावा, बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) असेल तर बाहेर काढावा, खराब जागा खेळाच्या रेषेत आली तरी रिलीफ मिळतो, आणि शंका असेल तर आधी रिलीफ घ्यावा, विचारत बसू नये. नुकताच स्ट्रोक प्लेच्या (एकूण फटके, म्हणजे स्ट्रोक, मोजून होणाऱ्या) स्पर्धांत उतरू लागलेल्या माझ्या भाच्याने हा संदेश प्रमाण मानला, डिव्हॉटमधला चेंडू उचलून शेजारच्या हिरवळीवर ठेवला आणि दोन स्ट्रोकचा दंड ओढवून घेतला. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानेही अशा सवलतीचा नियम 16.1 आणि त्यासोबतची व्याख्या उघडून पाहिलेली दिसत नाही. आर अँड ए आणि यूएसजीए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांची 1 जानेवारी 2023 पासून लागू असलेली नियमावली कोणालाही विनामूल्य वाचता येते, त्यामुळे माहिती मिळत नव्हती ही सबब इथे चालणार नाही.

सर्वांत घातक दावा पहिलाच आहे. ग्राउंड अंडर रिपेअर कोणते हे ठरवण्याचा अधिकार स्पर्धेच्या किंवा मैदानाच्या कमिटीचा आहे, खेळाडूचा नाही. कमिटी रंगाची रेषा आखते, खुंट्या ठोकते किंवा लेखी सूचना देते, आणि त्यानंतरच ती जागा ग्राउंड अंडर रिपेअर होते. दुसऱ्या खेळाडूने उडवलेल्या गवताचा खड्डा, उन्हाने करपलेला पट्टा, गवत न धरलेली कडक जमीन हे सारे मैदानाचा भाग आहेत, आणि मैदान जसे आहे तसे व चेंडू जिथे पडला तिथून खेळायचा हे या खेळाचे मूळ तत्त्व आहे. उत्तम मारलेला चेंडू डिव्हॉटमध्ये जाऊन बसला की अन्याय वाटतो हे खरे, पण त्या अन्यायावर नियमांनी इलाज ठेवलेला नाही, आणि ज्याला जागा आवडली नाही त्याने ती दुरुस्तीखाली आहे असे स्वतःच जाहीर करायचे ठरवले तर स्पर्धेला काही अर्थ उरणार नाही.

या दाव्यात अर्धे सत्य आहे, तेवढे नाइलाजाने मान्य करतो. खूण नसतानाही काही गोष्टी व्याख्येनेच ग्राउंड अंडर रिपेअर ठरतात: मैदानाची आखणी किंवा देखभाल करताना कर्मचाऱ्यांनी केलेला खड्डा, म्हणजे खुंटी उपटल्यावर राहिलेले भोक किंवा झाडाचे खोड काढताना, पाइप टाकताना खणलेली जागा, नंतर उचलून नेण्यासाठी रचून ठेवलेला पाचोळा किंवा कापलेले गवत, आणि फटका मारताना किंवा उभे राहताना ज्याचे नुकसान होईल असे, चेंडूला अगदी लागून असलेले पक्ष्याचे घरटे. पण त्याच व्याख्येत, जमिनीत हवा खेळावी म्हणून पाडलेली बारीक भोके स्पष्ट शब्दांत वगळली आहेत. तिथेच टाकून दिलेला आणि उचलून नेण्याचा विचार नसलेला पाचोळाही त्यात येत नाही. खेळाडूंनी पाडलेल्या डिव्हॉटचा त्यात उल्लेखच नाही.

दुसरा दावा ‘बरी जागा पाहून ठेवा’ हा. नियम बऱ्या जागेबद्दल बोलतच नाही. तो पूर्ण रिलीफ देणारा सर्वांत जवळचा बिंदू शोधायला सांगतो आणि तो बिंदू एकच असतो. होलच्या अधिक जवळ नाही आणि चेंडू, उभे राहणे, स्विंग यांपैकी कशालाही त्या जागेचा अडथळा नाही, अशी ती जवळात जवळची जागा. हे प्रत्यक्षात कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. उजव्या हाताने खेळणारा होलच्या दिशेने पाहिले तर चेंडूच्या डावीकडे उभा राहतो. आखलेल्या जागेच्या डाव्या कडेने बाहेर पडताना त्याचे पाय आपोआप मोकळ्या जमिनीवर येतात, म्हणून चेंडू रेषेच्या जरासा बाहेर असला तरी पुरते. उजव्या कडेने बाहेर पडायचे तर पायही रेषेच्या बाहेर हवेत, म्हणून चेंडू बराच दूर न्यावा लागतो. चेंडू जागेच्या बरोबर मध्यावर असेल तर अशा खेळाडूचा बिंदू बहुतेक वेळा डावीकडेच निघतो, मग तिकडे दाट रफ (वाढू दिलेले गवत) असो की झुडूप. डावखुऱ्याचे नेमके उलटे. त्या बिंदूपासून एक क्लब-लेंथ मोजायची, दोन नव्हे, आणि चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून ड्रॉप करायचा, म्हणजे हातातून खाली सोडायचा. दोन क्लब-लेंथ हे माप एका स्ट्रोकचा दंड भरून लाल खुणांच्या पेनल्टी एरियातून (तळे-ओढ्यासारख्या भागातून) किंवा खेळता न येणाऱ्या जागेतून बाजूला येताना मिळते. संदेश लिहिणाऱ्याने दोन वेगळे नियम एकत्र कालवले आहेत. चेंडू ठेवायची मुभा या नियमात ग्रीनवरच (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरच) आहे, आणि तीही त्या बिंदूवरच.

बाकीचे दावे चटकन निकाली निघतात. रिलीफ सक्तीचा नाही. कमिटीने ती जागा खेळायला मनाई असलेला भाग म्हणून जाहीर केली असेल तरच तो घ्यावा लागतो. जवळचा बिंदू झुडपात येत असेल तर चेंडू आहे तिथूनच खेळणे अनेकदा शहाणपणाचे असते, आणि हा हिशेब चेंडू उचलण्याआधी करायचा असतो. बंकरमधला विनादंड रिलीफ बंकरच्या आतच घ्यायचा. बाहेर यायचे तर एक स्ट्रोक द्यावा लागतो. चेंडू पेनल्टी एरियात असेल तर या नियमाने रिलीफ नाहीच. खेळाच्या रेषेतला अडथळा फक्त चेंडू ग्रीनवर असताना मोजला जातो. जागा नुसती डोळ्यांना खुपते एवढ्यावर काही मिळत नाही.

राहिला ‘विचारू नका’ हा सल्ला, आणि त्याची चीड सर्वांत जास्त येते, कारण शंकेसाठी नियमावलीत सरळ वाट दिलेली आहे. स्ट्रोक प्लेमध्ये जागेबद्दल खात्री नसेल आणि रेफरी जवळ नसेल, तर पुढचा फटका मारण्याआधी दोन चेंडू खेळणार असे सोबतच्या खेळाडूला किंवा मार्करला (स्कोअर नोंदवणाऱ्याला) सांगावे आणि कोणता मोजायचा हेही बोलून ठेवावे. एक चेंडू जिथे आहे तिथून आणि दुसरा रिलीफ घेऊन, असे दोन्ही त्या होलवर पूर्ण खेळावेत. स्कोअरकार्ड देण्यापूर्वी हे कमिटीला कळवणे बंधनकारक आहे, दोन्ही चेंडूंचा स्कोअर सारखा आला तरीसुद्धा. न कळवल्यास खेळाडू स्पर्धेतून बाद होतो.