पाचवं युनिट कुणी शिकवायचं?

'मुलं सिलॅबस वाचतच नाहीत' असं कॉलेजच्या अभ्यासक्रमावरच्या एका लेखात वाचलं. ते म्हणणं अर्धंच खरं. वाचण्याजोगं त्यात ठेवलंय काय? भाचीच्या बी.कॉम.च्या एका विषयाचा सिलॅबस पाहिला: 4 क्रेडिट, म्हणजे आठवड्याला 4 तास, 15 आठवड्यांत 60. युनिटं 5, प्रत्येकी 12 तास. गणित चोख! पण आमच्या बडोद्यात त्याच सत्रात नवरात्र येतं. रात्री उशिरापर्यंत गरबा, सकाळच्या तासाला बाकं रिकामी. मग इंटर्नल परीक्षा, मग दिवाळी. पाचवं युनिट 'घरी वाचून घ्या'वर जातं. सिलॅबसमधल्या 'अपेक्षित परिणामां'त, म्हणजे शिकून काय साधेल त्या यादीत, मात्र ओळीओळीला 'विद्यार्थ्यांना समजेल'. अहो, काय करता येईल ते लिहा की! ताळेबंद वाचता येईल, जीएसटीचं बिल तपासता येईल. तसं लिहिलं तर पेपरही तसाच काढावा लागेल, म्हणून सिलॅबस करणारे टाळत असावेत.