एका हंगामात क्लब घडत नाही : ‘मोठ्या क्लबांची पाच सूत्रे’ या संदेशाला उत्तर

‘मोठे फुटबॉल क्लब कसे घडतात : पाच सूत्रे’ हा लांबलचक संदेश गेल्या पंधरवड्यात माझ्याकडे चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. पहिल्या तीन वेळा मी तो वाचून सोडून दिला. चौथ्यांदा तो परभणीतल्या ज्या लहानशा क्लबात माझा भाचा खेळतो, त्या क्लबाच्या पालकांच्या ग्रुपवर आला आणि त्याच्यावर एका विश्वस्तांनी ‘आपणही यातून शिकायला हवे’ असे लिहिले होते. दोन दिवसांत त्याच ग्रुपवर नऊ वर्षे मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकांना काढण्याची भाषा सुरू झाली. भाचा तेरा वर्षांचा आहे. त्याने रात्री फोन करून विचारले, “मामा, सर काढून टाकण्याइतकं वाईट शिकवतात का?” त्या प्रश्नामुळे हे उत्तर लिहावे लागत आहे.

संदेश ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा आशय थोडक्यात देतो. पहिले सूत्र असे की पैसा म्हणजेच क्लबाची ओळख. दुसरे, जो प्रशिक्षक एका हंगामात निकाल देत नाही त्याला ताबडतोब बदलावे. ‘फर्ग्युसनने आल्या आल्या मँचेस्टर युनायटेडला विजेता केले’ असा दाखला त्यासाठी दिला आहे. तिसरे, नाव, रंग आणि धोरण मालकाने ठरवायचे, इतरांनी त्यात बोलायचे नाही. चौथे, गावातली मुले घडवण्यात वेळ घालवू नये, तयार खेळाडू आणावेत. पाचवे, सभासदांच्या मालकीचे क्लब कर्जात बुडतात, बार्सिलोना पाहा.

आमच्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान दुसऱ्या सूत्राने होणार आहे आणि ते सर्वांत खोटेही आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा संघ सर्वोच्च लीगच्या २२ संघांच्या तक्त्यात तळाकडून दुसरा होता. त्यांच्या हाताखालचा पहिलाच सामना संघ ऑक्सफर्ड युनायटेडकडून २–० असा हरला. तो हंगाम अकराव्या स्थानावर संपला. पुढच्या वर्षी संघ दुसरा आला खरा, पण त्यानंतर पुन्हा अकरावा आणि १९८९–९० मध्ये चक्क तेरावा. सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने त्यांना ५–१ असे हरवले आणि त्या हिवाळ्यात त्यांच्याच मैदानावर त्यांना निरोप देणारा फलक प्रेक्षकांनी झळकावला. पहिला चषक मिळाला मे १९९० मध्ये, म्हणजे साडेतीन वर्षांनी, आणि लीगचे पहिले विजेतेपद १९९३ मध्ये, म्हणजे सहा हंगाम उलटून गेल्यावर. २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत त्यांनी लीगची १३ विजेतेपदे मिळवली. संदेशातले सूत्र लावले असते, तर १९८७ च्या उन्हाळ्यातच त्यांना घरी पाठवावे लागले असते आणि या तेरांपैकी एकही त्यांच्या नावावर लागले नसते. ज्या माणसाच्या उदाहरणावर हे सूत्र उभे केले आहे, त्याच माणसाची कारकीर्द ते खोडून काढते.

त्या साडेतीन वर्षांत ते काय करत होते, हे पाहिले की क्लबाची ओळख कशी घडते हे कळते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी प्रशिक्षण केंद्रे उभी केली आणि होतकरू मुले हेरणाऱ्या माणसांची संख्या वाढवली. नवा मॅनेजर आधी स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी जिंकायला बघतो, आपल्याला मात्र पायापासून क्लब उभारायचा होता, अशा अर्थाचे त्यांनी निवृत्तीनंतर एका मुलाखतीत सांगितले आहे. त्या पायातून १९९२ मध्ये युवा चषक जिंकणारा संघ निघाला, ज्यात बेकहॅम, गिग्ज, बट आणि गॅरी नेव्हिल होते. १९९९ मध्ये एकाच हंगामात तीन मोठे चषक जिंकणाऱ्या युनायटेडचा कणा याच पिढीचा होता.

आता कोणी म्हणेल की फर्ग्युसन हा अपवाद आहे आणि बाकी ठिकाणी प्रशिक्षक बदलल्यावर संघ सुधारतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो. डोळ्यांना ते तसे दिसते, हे मान्य आहे. बास तेर वेल या डच अर्थशास्त्रज्ञांनी याच समजुतीची तपासणी केली. नेदरलँड्सच्या सर्वोच्च लीगमधले १९८६ ते २००४ या काळातले सामने त्यांनी घेतले. पराभवांची रांग लागल्यावर ज्या क्लबांनी प्रशिक्षक काढला त्यांची त्यांनी तुलना केली, ती तशाच घसरणीत सापडूनही प्रशिक्षक न काढणाऱ्या क्लबांशी. सावरले दोघेही, आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात. प्रशिक्षक सहसा संघ अगदी खाली गेलेला असताना काढला जातो, आणि तिथून बहुतेक संघ आपल्या नेहमीच्या पातळीवर परत येतातच. मुदतीचा ताप मुदतीने उतरतो आणि श्रेय आदल्या दिवशी बांधलेल्या गंड्याला मिळते, तसाच हा प्रकार आहे. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी या एका अभ्यासाला उत्तर द्यावे. बाकी सगळे मी सोडून द्यायला तयार आहे.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. चेल्सीने २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलला आणि दोन्ही वेळा युरोपचे विजेतेपद मिळवले. रेआल माद्रिदही प्रशिक्षकांच्या बाबतीत फारशी दयामाया दाखवत नाही. म्हणजे प्रशिक्षक बदलूनही जिंकता येते. पण या दोन्ही क्लबांकडे जगातले उत्तमोत्तम खेळाडू आधीच होते आणि प्रशिक्षक गेला तरी ते जागेवर राहणार होते. परभणीतल्या ज्या क्लबात चेंडू हवा भरून आणण्यापासून मुलांच्या आयांना समजावण्यापर्यंत सगळे एकच माणूस करतो, त्या क्लबात तो माणूस गेल्यावर मागे काय राहील?

हे मी ऐकीव बोलत नाही. जुलैमध्ये भाच्याला सोडायला गेलो होतो तेव्हा पाहिले. मैदान काळ्या मातीचे आहे. पाऊस झाला की बुटांच्या तळाला दोन बोटे चिखल चिकटतो आणि चेंडू ढकलला तरी हातभर जाऊन थांबतो, त्यामुळे आपल्याकडच्या सगळ्या मुलांना चेंडू उचलून लांब मारण्याची सवय लागते. सरांनी ही सवय मोडायचे ठरवले. पावसाळ्यात ते मुलांना शाळेच्या फरशीच्या आवारात नेतात, खडूने चौकोन आखतात आणि चौकोनाबाहेर चेंडू जाऊ न देता तासभर जवळचे पास करायला लावतात. त्यांच्याकडे एक लांबडी वही आहे. प्रत्येक मुलाचे नाव, शाळा, कोणता पाय चालतो, कोणता कच्चा आहे आणि महिन्याभरात कच्च्या पायाने किती पास नीट गेले, हे सगळे त्यात पेनाने लिहिलेले असते. नांदेड-हिंगोलीकडचे संघ आता आमच्या मुलांना ‘खालून खेळणारी पोरं’ म्हणून ओळखतात. क्लबाची ओळख म्हणतात ती हीच. ती उभी राहायला नऊ वर्षे लागली आणि या वर्षी दोन स्पर्धांत पहिल्याच फेरीत हरल्यामुळे ती मोडायला आपण निघालो आहोत.

पैशाच्या सूत्राबद्दल फार लिहीत नाही. पैसा लागतो, मँचेस्टर सिटी २००८ नंतर पैशाशिवाय वर आली नसती. पण त्या पैशाने त्यांनी आधी बार्सिलोनाची कारभारी मंडळी आणली, मग २०१६ मध्ये प्रशिक्षक गुआर्डिओला, म्हणजे खेळाची एक अख्खी पद्धत आणली. पॅरिसच्या क्लबाने २०१७ मध्ये एकट्या नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले, आणि युरोपचे विजेतेपद मिळाले ते नेमार, मेस्सी, एम्बापे असे तिघेही निघून गेल्यावर, २०२५ मध्ये. आपल्याच राज्यात पाहा. महिंद्रा युनायटेडने २००५–०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. एफसी पुणे सिटी २०१४ मध्ये निघाला आणि २०१९ मध्ये संपला. याउलट कोल्हापुरात पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की शाहू स्टेडियम आजही भरते, आणि तिथे कोणी धनाढ्य मालक नाही. पेठ आहे, तालीम आहे आणि पिढ्यान्‌पिढ्या तोच रंग घालणारी घरे आहेत.

मालकाच्या अधिकाराचे तिसरे सूत्र मला अधिक घातक वाटते, कारण त्यामुळे पालकांनी बोलूच नये असा संकेत गेला आहे. कार्डिफ सिटी हा वेल्समधला क्लब शतकभर निळ्या रंगात खेळला. ‘ब्लूबर्ड्‌स’ हे त्याचे टोपणनावच. २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी तो रंग लाल केला. संघ त्याच लाल रंगात प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये पोचला, म्हणजे संदेशाच्या हिशेबाने मालक बरोबर ठरला. तरीही प्रेक्षकांनी निळा सोडला नाही आणि जानेवारी २०१५ मध्ये टॅन यांना तो परत आणावा लागला. आपल्या देशात मोहन बागानचे तेच झाले. १८८९ चा हा कोलकात्याचा क्लब, १९११ मध्ये ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकणारा. २०२० मध्ये एटीके या कोलकात्याच्याच दुसऱ्या संघाशी एकत्र आल्यावर त्याच्या नावाआधी ‘एटीके’ लागले आणि समर्थकांनी ते काढण्यासाठी सतत आवाज उठवला. मार्च २०२३ मध्ये संघ इंडियन सुपर लीग (आयएसएल) जिंकला त्याच रात्री ती अक्षरे काढण्याची घोषणा खुद्द मालकांना करावी लागली. विजयाच्या रात्रीसुद्धा लोकांना त्या अक्षरांचा विसर पडला नव्हता. युरोपातल्या १२ बड्या क्लबांच्या मालकांनी एप्रिल २०२१ मध्ये स्वतःची वेगळी ‘सुपर लीग’ काढली तेव्हा इंग्लंडमधले सहाही क्लब प्रेक्षकांच्या रोषामुळे दोन दिवसांत मागे फिरले, हेही अलीकडचेच आहे.

मालकाचे खरे काम कोणते, याचे उत्तर लिव्हरपूलमध्ये मिळते. बिल शँक्ली डिसेंबर १९५९ मध्ये आले तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत होता. मैदानावर बूट ठेवण्याची एक खोली होती. तिथे त्यांचे सहायक बसत, प्रत्येक सरावाच्या नोंदी ठेवत, सामन्यांवर वाद घालत. १९७४ मध्ये शँक्ली गेले तेव्हा क्लबाने बाहेरचे नामांकित नाव शोधले नाही. त्याच खोलीतले बॉब पेझली पुढे आले आणि त्यांनी तीनदा युरोपचे विजेतेपद आणले. त्यांच्यानंतर त्याच खोलीतले जो फेगन आले आणि १९८४ मध्ये चौथे मिळाले. ती खोली आणि त्या नोंदी टिकू देणे, एवढे कारभाऱ्यांनी केले. युनायटेडला फर्ग्युसननंतर नेमके हेच जमले नाही. २००५ मध्ये क्लब विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज मालकांनी क्लबाच्याच डोक्यावर टाकले होते आणि २०१३ नंतर मॅनेजर एकामागून एक बदलत गेले, प्रत्येकजण आपल्या पद्धतीचे खेळाडू मागत गेला.

तयार खेळाडू आणण्याच्या सूत्राला एक ओळ पुरे : नोव्हेंबर २०१२ मध्ये लेवान्तेविरुद्धच्या सामन्यात बार्सिलोनाचे मैदानावरचे अकराच्या अकरा खेळाडू त्यांच्या ला मासिया प्रबोधिनीतून आलेले होते. आमच्याकडे मात्र स्पर्धेपुरती पुण्याहून चार मुले आणावीत, असे ग्रुपवर सुचवून झाले आहे. ती चार मुले खेळतील तेव्हा आमची चार मुले बाकावर बसतील.

राहिले पाचवे सूत्र. त्यात अर्धे सत्य आहे. बार्सिलोनाचे कर्ज २०२१ मध्ये एक अब्ज युरोंच्या वर गेले होते आणि मेस्सीला सोडावे लागले, हे खरेच आहे. सभासदांनी निवडलेला अध्यक्षसुद्धा उधळपट्टी करू शकतो. परंतु रेआल माद्रिद आणि बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लबही सभासदांचेच आहेत. बिल्बाओचा क्लब फक्त बास्क प्रांताशी नाते असलेले खेळाडू खेळवतो आणि तरीही सर्वोच्च श्रेणीतून कधीही खाली गेलेला नाही.

विश्वस्तांची बैठक येत्या रविवारी आहे आणि पालकांना तिथे बसू द्यावे, अशी विनंती मी लेखी दिली आहे. निर्णय घेणाऱ्यांनी त्या आधी एकदा सरांची वही मागून घ्यावी. माझ्या भाच्याच्या पानावर गेल्या जूनमध्ये डाव्या पायापुढे वीसपैकी सहा लिहिले आहे आणि या जूनमध्ये वीसपैकी चौदा.