आई पायऱ्यांपाशी बसून राहिली होती

आज सकाळी कुणीतरी इंग्लंडमधल्या आमच्या यॉर्कच्या स्टेशनसमोरचे जुने-नवे फोटो शेजारी शेजारी टाकलेत आणि वर लिहिलंय, 'गावाची पार वाट लावली.' खाली हळहळणाऱ्यांची रांग. डोकंच फिरलं माझं.

कसली वाट लावली? 2024 मध्ये तिथला क्वीन स्ट्रीट ब्रिज पाडला, त्याचा एवढा शोक? ज्या रुळांवर तो बांधला होता ते रूळ केव्हाच उखडलेले. खाली ना गाडी, ना नदी. नुसता चढायचा आणि उतरायचा. आता जुनी तटबंदी तरी मोकळी दिसते.

2018 ला आई साताऱ्याहून आली होती. संध्याकाळी ऊज नदीकाठी फिरत स्कारबरो ब्रिजपाशी पोचलो. रेल्वेचा पूल, त्याला चिकटून चालायची चिंचोळी पट्टी, समोरून कुणी आलं की अंग चोरायचं. आणि वर जायला पायऱ्या. आईने पायऱ्यांकडे पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला. "तुम्ही जाऊन या गं, मी बसते इथेच." आम्ही गेलो. गेलो, हेच आज लागतं मनाला. परत आलो तेव्हा मांडीवर पर्स धरून ती तशीच बसलेली.

जुनं जपा म्हणणाऱ्यांनी हे बघितलंय का कधी? याच नदीवरचा लेंडल ब्रिज 1863 चा. त्याआधी तिथे नाव चालायची. पूल झाला आणि नावाड्याला 15 पाउंड आणि घोडागाडी देऊन मोकळं केलं. आज त्याच पुलाला आपण 'वारसा' म्हणतो!

सगळेच बदल चांगले नसतात, मान्य. सत्तरच्या दशकात लोक लढले नसते तर रिंगरोडखाली कितीतरी घरं गेली असती.

आणि चालणाऱ्यांसाठी गल्ल्या मोकळ्या केल्या म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. पण 2021 मध्ये निळा बॅज असलेल्या अपंगांच्या गाड्याही गावाच्या मध्यभागातून बंद केल्या, तेव्हा मला पुन्हा त्या पायऱ्या आठवल्या. जानेवारी 2024 मध्ये तो निर्णय फिरला, तोही त्याच अपंग माणसांनी भांडून फिरवला. ज्यांना चालता येत नाही त्यांनीच पायपीट करायची, हे मला अजून पचत नाही.

असो. राग जरा उतरला लिहिता लिहिता.

2019 मध्ये स्कारबरो ब्रिजची ती पट्टी काढून नवीन रुंद पूल बसवला, चढायला रॅम्प केले. आई 2022 ला परत आली. कठड्याला धरून, दोनदा थांबून, पण स्वतःच्या पायांनी मध्यापर्यंत आली. तेवढ्यात शेजारून धडधडत गाडी गेली. तिने कठडा घट्ट धरला आणि लहान मुलीसारखी हसली. फोटो काढायचा राहिलाच.

मे महिन्यात पुन्हा येतेय. काल फोनवर विचारत होती, "तो गाडीशेजारचा पूल आहे ना गं अजून?"

आहे, म्हटलं.